ब्रेकचा लाल दिवा परीक्षेपुरता नको

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा, आता इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. कॉलेजात असताना बाहाच्या (विद्यार्थ्यांनी गाडी बांधायच्या स्पर्धेच्या) संघात होतो आणि तेव्हापासून स्वतःच्या हातांनी गाडी बांधायची इच्छा होती. सध्या घराच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हन घाटणीची किट कार (सुट्या भागांतून जोडायची गाडी) बांधतो आहे. चासिस आणि पत्रे किटवाल्याकडून घेतले. इंजिन, गिअरबॉक्स, हँडब्रेक वगैरे जुन्या माझ्दा एमएक्स-५ मधून काढले. ब्रेकला दोन वेगळे मास्टर सिलिंडर आहेत, मध्ये बॅलन्स बार (पेडलचा जोर दोघांत वाटणारा दांडा), आणि प्रत्येक सिलिंडरला ऑइलची स्वतंत्र डबी. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची आयव्हीए चाचणी जवळ आली आहे. त्यासाठी डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल इशारा दिवा लागतो असं कळलं. मागच्या ब्रेक लाइटसाठी मी पाइपवर हायड्रॉलिक स्विच बसवला आहे, त्यालाच हा दिवा जोडावा असा विचार होता. ओळखीचा एक जण म्हणतो, "दिवा हँडब्रेकला जोड, एक टेस्ट बटण दे, परीक्षक तेवढंच बघतो. डब्यांच्या भानगडीत पडू नकोस." गाडी जेमतेम सहाशे किलोची, बॉनेट काढलं की दोन्ही डब्या समोर दिसतात. मग हा खटाटोप खरंच हवा का? आणि करायचाच तर दिवा एक की दोन?
— म. कु., लेस्टर

उत्तर :

प्रिय म. कु.,

आधी स्विचचा गुंता सोडवू. तिथे गल्लत राहिली तर पुढची सगळी वायरिंग उलटी होईल. तुम्ही पाइपवर बसवलेला हायड्रॉलिक स्विच पेडल दाबलं की जोडला जातो आणि मागचा दिवा लागतो. मागून येणाऱ्याला सांगायचं असतं की ही गाडी थांबते आहे, आणि त्यासाठी तो स्विच अगदी योग्य आहे. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याने सांगायची गोष्ट नेमकी उलट आहे : ब्रेक एका बाजूने निकामी झालाय किंवा होऊ घातलाय. तुमच्या योजनेत हा दिवा ब्रेक ठीक असताना दर वेळी लागेल, आणि ज्या दिवशी त्या पाइपमधलं प्रेशर जाईल त्या दिवशी नेमका विझलेला राहील. तेव्हा तो हायड्रॉलिक स्विच ब्रेक लाइटलाच राहू द्या. इशारा दिव्याशी त्याचा संबंध जोडू नका.

आता तुमच्या ओळखीच्या माणसाचा सल्ला. किट कारवाल्यांमध्ये "चाचणीपुरतं" ही एक रीतच पडली आहे, हे मला माहीत आहे. पत्र्याच्या कडांना रबरी पट्ट्या लावायच्या, चाचणी झाली की काढून टाकायच्या. त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. पण ब्रेक त्या यादीत बसत नाही, आणि का ते नीट सांगतो.

१९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने सेव्हन बाजारात आणली. सुट्या भागांत घेऊन घरी जोडली की तिच्यावरचा परचेस टॅक्स वाचत असे. ब्रिटनमध्ये घरी गाड्या बांधायची हौस वाढली त्यामागे हे एक मोठं कारण होतं. (१९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. सेव्हनचे हक्कही त्याच वर्षी केटरहॅम कंपनीकडे गेले.) त्या काळच्या बहुतेक गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असे. एक मास्टर सिलिंडर, त्यातून चारही चाकांना पाइप. कुठेही गळती झाली की पेडल सरळ तळाला. वेगळा इशारा देण्यासारखं काही उरतच नसे.

मग सर्किटं दोन झाली. एक गेलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही फार मोठी सुधारणा होती, पण तिच्याबरोबर एक नवा धोका आला : अर्धा ब्रेक गेलेला असताना गाडी चालत राहते, थांबतही राहते आणि चालवणाऱ्याला पत्ता लागेलच असं नाही. म्हणूनच अमेरिकेने १९६८ पासून दुहेरी सर्किट सक्तीचं केलं तेव्हा त्याच नियमात इशारा दिवाही घातला. दुसरं सर्किट आणि हा दिवा ही एकच व्यवस्था आहे. तुम्ही दोन सिलिंडर बसवलेत आणि दिवा खोटा ठेवलात, तर निम्मीच व्यवस्था बसवली असं होईल.

गळती बहुतेक वेळा धडाक्यात होत नाही. सिलिंडरच्या मागच्या सीलमधून थेंब थेंब पाझरतं, कॅलिपरच्या (चाकावरच्या ब्रेकच्या पकडीच्या) बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नीट बसलेला नसतो, फ्लेअर केलेल्या पाइपच्या टोकाला केसाएवढी चीर असते. नव्या बांधलेल्या गाडीत हे सांधे सगळेच्या सगळे तुमच्या हाताचे, कुठल्याही कारखान्यात न तपासलेले. डबीतलं ऑइल आठवड्यामागून आठवडे खाली जात राहतं, आणि तोवर पेडल पायाला तसंच घट्ट लागतं. सिलिंडरच्या तोंडाशी ऑइल आहे तोवर पेडलमध्ये काडीचा फरक पडत नाही. तिथे हवा शिरली की पुढच्याच दाबाला ते सर्किट गेलेलं असतं. पायाला जे कळत नाही ते या काळात फक्त डबीतला फ्लोट (ऑइलवर तरंगणारा स्विच) सांगू शकतो. "बॉनेट काढलं की दिसतात" हे खरं, पण सेव्हनचं बॉनेट अख्खं उचलून बाजूला ठेवावं लागतं. रोज सकाळी निघताना ते कोण करतं?

गाडी हलकी आहे म्हणून ब्रेक कमी महत्त्वाचे, हेही मनातून काढून टाका. पुढचं सर्किट गेलं तर ब्रेकचा मोठा वाटा जातो, कारण ब्रेक लावताना वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं हलकी होऊन लवकर घसरतात. सहाशे किलोच्या गाडीलाही ते चुकत नाही.

नियम सांगतो. चाचणी डीव्हीएसए ही सरकारी संस्था घेते, आणि २००९ मध्ये जुन्या एसव्हीए चाचणीच्या जागी आयव्हीए आली. ब्रेकच्या इशाऱ्याची मूळ अपेक्षा प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम १३-एचमध्ये वाचायला मिळते : हायड्रॉलिक सर्किटचा एक भाग निकामी झाला तर लाल दिवा लागला पाहिजे आणि इग्निशन चालू असेतोवर, बिघाड असेतोवर लागलेला राहिला पाहिजे. तो दिवसाच्या उजेडात दिसला पाहिजे. दिवा शाबूत आहे की नाही हे चालकाला सीटवर बसल्या बसल्या तपासता आलं पाहिजे. बिघाड ओळखायचे दोन मार्ग मान्य आहेत. पहिला, दोन सर्किटांमधल्या प्रेशरचा फरक मोजणारा स्विच, ज्याने फरक १५.५ बारच्या पुढे जाण्याआधी दिवा लावलाच पाहिजे. दुसरा, डबीतली पातळी उतरली की लागणारा स्विच. हँडब्रेक लावलेला आहे हे सांगणाराही लाल दिवा हवा, आणि दोन्हींना एकच दिवा चालतो. आयव्हीएच्या पुस्तिकेची चालू आवृत्ती डीव्हीएसएकडे मोफत मिळते. ब्रेकचं प्रकरण छापून गॅरेजच्या भिंतीवर लावा.

या दोन मार्गांपैकी तुमच्यासाठी फ्लोट. प्रेशरच्या फरकाचा स्विच जुन्या एमजीबी आणि ट्रायम्फमध्ये दिसतो : मध्ये एक छोटा दट्ट्या, दोन्ही बाजूंना एकेक सर्किट, एकीकडचं प्रेशर गेलं की दट्ट्या तिकडे सरकतो आणि स्विच जोडतो. पाइप फुटला तर पहिल्याच दाबाला सांगतो, हा त्याचा गुण. पण पाइप फुटल्याचं तुमच्या पायालाही त्याच क्षणी कळतं. शिवाय हवा काढताना तो दट्ट्या एका बाजूला अडकून बसतो, तो पुन्हा मध्यावर आणण्यात वेळ जातो, आणि गळतीच्या जागा वाढतात त्या वेगळ्याच. हळू गळती तो पकडत नाही. फ्लोट पकडतो.

तुमच्या रचनेत मात्र एक गोष्ट साध्या गाडीपेक्षा वेगळी आहे. नेहमीच्या गाडीत एकाच सिलिंडरवर एकच डबी असते, आत अर्ध्या उंचीची भिंत असते, आणि फ्लोट त्या भिंतीच्या वरच्या सामाईक भागात तरंगतो. कोणतंही सर्किट गळलं तरी आधी वरचं ऑइल उतरतं आणि एकच फ्लोट दोघांची राखण करतो. तुमच्याकडे दोन सुट्या डब्या आहेत, म्हणजे फ्लोटवाली दोन झाकणं लागतील. एकालाच फ्लोट बसवून मोकळे झालेले लोक आहेत. त्यांच्या दुसऱ्या सर्किटवर कुणाचीच नजर नाही. झाकणाची आटी तुमच्या डबीला बसते का, आणि फ्लोटची दांडी तळाला न टेकता मोकळी हलते का, हे विकत घेण्याआधी बघा. नाही जमलं तर डब्याच बदला. बदलताना डबी सिलिंडरपेक्षा वर राहील अशी लावा आणि मधली नळी ब्रेक ऑइलला चालणारी, ईपीडीएम रबराचीच घ्या. पेट्रोलची नळी हाताशी असते म्हणून लावली जाते आणि ब्रेक ऑइलने ती फुगून मऊ पडते.

झाकण हातात आलं की मल्टिमीटर लावा. फ्लोट वर असताना स्विच उघडा आणि खाली पडल्यावर जोडलेला, असं असलं तर हवं ते मिळालं. काही झाकणं उलटी असतात, ती परत करा. मध्ये रिले घालून उलटं सुलटं करता येतं, पण या कामात जितके भाग कमी तितकं बरं.

एक दिवा की दोन, यावर माझं मत स्पष्ट आहे : एकच. दोन दिवे लावले तर ऑइलचा दिवा वर्षानुवर्षं लागणारच नाही आणि तो जळालेला असला तरी कळणार नाही. हँडब्रेकबरोबर सामाईक असलेला दिवा मात्र रोज गाडी लावताना आणि काढताना आपली परीक्षा देतो. सेव्हनमध्ये हँडब्रेकचा दांडा तुमच्या हाताशी असतो. दांडा खाली आणि दिवा लागलेला, म्हणजे ऑइल. यात घोटाळा व्हायला जागा नाही.

वायरिंग अशी करा. इग्निशनच्या चालू बाजूने, मीटरच्या फ्यूजमधून बारा व्होल्ट दिव्याला. दिव्याच्या दुसऱ्या टोकाची वायर थेट हँडब्रेककडे नेऊ नका. आधी ती पुढे पहिल्या डबीच्या फ्लोटवर न्या, तिथून दुसऱ्या डबीच्या फ्लोटवर, आणि तिथून परत मागे हँडब्रेकच्या स्विचवर. हँडब्रेकचा स्विच दांडा ओढला की ही वायर अर्थला (चासिसला) जोडतो. दोन्ही फ्लोटची दुसरी टोकं चासिसच्या चांगल्या अर्थ बिंदूला, प्रत्येकाची स्वतंत्र वायर. तिन्ही स्विच समांतरच राहतात, कुठलाही एक जोडला की दिवा लागतो. पण वायर अशी फिरवून आणल्याने हँडब्रेक ओढल्यावर दिवा लागला, की दिव्यापासून दोन्ही फ्लोटपर्यंतची वायर शाबूत असल्याचाही पुरावा मिळतो. इंजिनच्या उष्णतेत, पत्र्याच्या कडेला घासणारी तीच वायर तुटण्याची शक्यता सर्वांत जास्त. मीटरभर वायर जास्त लागते, बाकी काही नाही. हे एवढं केलंत तर तुमच्या ओळखीच्या माणसाच्या युक्तीत आणि खऱ्या दिव्यात खर्चाचा फरक दोन झाकणांपुरता उरतो.

या फेऱ्यातून सुटतात त्या गोष्टी दोन : फ्लोटवरचा लग (वायरच्या टोकाची जोडणी) निसटणं आणि फ्लोटच्या अर्थची वायर. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा इग्निशन चालू करा, हँडब्रेक सोडा (चाकाला पाचर लावून), आणि एकेक झाकण वर उचला. फ्लोट खाली पडतो, दिवा लागला पाहिजे. ऑइल निथळतं, म्हणून खाली फडकं धरा. पावडर कोटिंगवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. ब्रेक ऑइल रंग खातं आणि डोळ्यांना वाईट.

वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची पातळ आवरणाची पुरे. दिवा एलईडी घ्या, फ्लोटमधल्या नाजूक संपर्कावर बल्बपेक्षा कमी भार पडतो. बारा व्होल्टचा तयार एलईडी असेल तर रेझिस्टर आत असतो. सुटा असेल तर ६८० ओहम, अर्ध्या वॉटचा, मालिकेत. बॅटरी चार्ज होत असताना साडेचौदा व्होल्टच्या आसपास गेली तरी करंट वीस मिलिअँपिअरच्या आत राहतो. उघड्या गाडीत ऊन थेट डॅशवर येतं, तेव्हा भर दुपारी अंगणात उभी करून दिवा दिसतो का ते पाहा. गॅरेजच्या अंधारात सगळेच दिवे झगझगीत दिसतात. वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन बाजूंना कंस, हे ब्रेकचं चिन्ह दिव्यावर किंवा शेजारी हवं. आणि स्टिअरिंगच्या चाकाआड तो झाकला जात नाही ना, हे तुम्ही पट्टा बांधून बसल्यावर बघा. उभं राहून बघण्यात अर्थ नाही.

दिव्याचं झालं. पण दोन सिलिंडर आणि बॅलन्स बार आहे म्हणून आणखी एक चाचणी करा, कारण नुसता दिवा गाडी थांबवत नाही. एक सर्किट गेलं की बार तिरका होतो, रिकाम्या बाजूचा दट्ट्या पूर्ण आत जातो आणि मगच दुसऱ्या बाजूला जोर मिळतो. बारला तिरकं व्हायला जागा नसेल, किंवा सिलिंडर दाबणाऱ्या दांड्यांची लांबी चुकली असेल, तर शाबूत सर्किटला जोर मिळण्याआधीच पेडल तळाला टेकतं. गाडी चारी स्टँडवर घ्या. पुढच्या कॅलिपरचा ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडून त्याला नळी आणि बाटली लावा, सोबत्याला पेडल दाबून धरायला सांगा आणि मागचं चाक हाताने फिरवून पाहा. ते जाम झालं पाहिजे, आणि तेव्हा पेडलखाली जागा उरली पाहिजे. पेडल मारत राहिलात तर त्या डबीची पातळी उतरेल आणि लाल दिवा लागेल. तो कोणत्या पातळीला लागला ते डबीवर खुणेने लिहून ठेवा. त्या वेळी सिलिंडरच्या तोंडावर पुरेसं ऑइल उरलेलं असायला हवं. मग मागचा निपल उघडून, पुढचं चाक तपासून हेच करा. नंतर नवं डॉट ४ ऑइल भरून सगळी हवा काढा. बाटलीत आलेलं परत ओतू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. बॅलन्स बारचं प्रमाण एकदा ठरलं की तो पिन मारून किंवा वेल्डचा टिपका देऊन कायमचा बंद करा, चाचणीत हे बघतात.

रस्त्यावर आल्यावर कधी जोरदार ब्रेक मारताना किंवा वळणावर दिवा क्षणभर लुकलुकला तर वायर ढिली आहे असं समजून सोडून देऊ नका. ऑइल डबीत एका बाजूला सरकतं आणि फ्लोट क्षणभर खाली जातो, म्हणजे पातळी खुणेजवळ आली आहे. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि तेवढं ऑइल डबीतून उतरतं. त्यामुळे आधी पॅड मोजा. पॅड जाड असतील तर ऑइल कुठे गेलं ते शोधा : प्रत्येक सांधा, चारही चाकांच्या आतली बाजू, पेडल बॉक्सचा तळ. नुसती डबी भरून पुढे निघालात तर दिव्याने सांगितलेलं पुसून टाकलंत.

पुण्यात असं काही करता येईल का, हे तुमच्या पत्रात नाही, पण इतर वाचक विचारतात. घरी बांधलेल्या एकाच गाडीसाठी आयव्हीएसारखी वाट आपल्याकडे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेकडून मंजूर व्हावी लागते, आणि ही वाट उत्पादकांसाठी आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून वेगळे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या संदर्भात स्पष्ट केलं. बंद ट्रॅकवर बाहा किंवा फॉर्म्युला भारतच्या गाड्या बांधणाऱ्या मुलामुलींना मात्र वरचं सगळं लागू पडतं.

आणि ज्यांची गाडी साधी, कंपनीची आहे त्यांनाही एक सांगायचं आहे. बहुतेक गाड्यांत हँडब्रेकचा आणि ब्रेक ऑइलचा दिवा सामाईक असतो. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही तो लाल दिवा विझत नसेल, तर दांडा पुन्हा पुन्हा आपटत बसू नका. बाजूला थांबा, बॉनेट उघडा, डबीवरची खालची खूण बघा. ऑइल खुणेखाली असेल आणि पेडल मऊ किंवा खोल लागत असेल, तर ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.